चार तारा आणि पाचवी

तंबोऱ्याला रिक्षात बसवणं माणसाला बसवण्यापेक्षा अवघड. माणूस पाय तरी दुमडतो. गेल्या मंगळवारी पार्ल्याहून नाहूरपर्यंत मी एक तंबोरा असा आणला: भोपळा माझ्या मांडीवर, दांडी तिरकी आणि खुंट्यांचं टोक रिक्षाबाहेर. प्रत्येक खड्ड्याला मी "हळू हो" म्हणत होते. पवईपर्यंत त्या रिक्षावाल्याने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मावशी, आत कोण झोपलंय का?"

मी म्हटलं, झोपलंयच.

ज्या कॉलेजात मी गाण्याची पदवी घेतली, तिथला संगीत विभाग यंदा बंद झाला. ऑफिसातून एका मुलीचा फोन आला, की जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला वाद्यं हवी असतील तर घेऊन जा, खोली रिकामी करायची आहे. मी गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली तीच होती, फक्त सतरंज्यांच्या जागी टेबलं आणि टेबलांवर न उघडलेली खोकी. कोपऱ्यात चार तंबोरे भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मी एकेकाच्या कापडी गवसणीत हात घालून घोडी चाचपत गेले. घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या पोटावर बसवलेला हाडाचा चपटा तुकडा, ज्याच्यावरून तारा जातात. तिसऱ्याच्या घोडीला उजव्या कडेला तिळाएवढी खाच बोटाला लागली. ती खाच तिथे असायला नको. ती कुणाच्या हातून पडली हे जगात आता दोनच माणसांना माहीत आहे, आणि त्यातलं एक माणूस त्या वेळी माझ्या घरी दुपारची झोप काढत होतं.

गवसणीला अजून तोच वास येतो. डांबराच्या गोळ्या, खोबरेल तेल, जुनं लाकूड, आणि त्याखाली आणखी काहीतरी गोडसर. हे गोडसर काय ते मला घरी येऊन गवसणी गॅलरीत झटकताना आठवलं. बिस्किटं. आमच्या वेळी पार्ल्यात दुपारी वारा फिरला की कारखान्यातला भाजक्या बिस्किटांचा वास खिडकीतून आत यायचा, आणि नेमका तेव्हाच आमचा मुलतानी चाललेला असायचा. मुलतानी हा दुपारचा, गंभीर, जरा खोल जाणारा राग. आम्ही सात पोरी पोटात कावळे कोकलत असताना तो गायचो. आजही कुठे मुलतानी लागला की मला आधी भूक लागते. हे मी माझ्या शाळेतल्या मुलींना कधी सांगितलं नाही, शिक्षिकेची आब जाते.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आम्ही नुकतेच मरोळला राहायला आलो होतो. त्याआधी लालबाग आणि त्याआधी मालवणजवळचं गाव, पण गावाला मी फक्त मे महिन्याएवढीच ओळखते. बाबा बावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात फिटर होते. साचेखातं म्हणजे जिथे माग चालतात ती जागा. संप झाला, गिरणी गेली, आणि बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लागले. गिरणीने त्यांच्याजवळ दोन गोष्टी ठेवल्या. एक म्हणजे कानशींची पेटी, आणि दुसरी म्हणजे कानांचा खुळखुळा. शेकडो मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं उभं राहिल्यावर माणसाला जेवढं ऐकू येतं तेवढंच बाबांना यायचं. साचेखात्यातली माणसं एकमेकांशी ओठांनी बोलतात, आवाजाचा तिथे उपयोगच नसतो. त्यामुळे आमच्या घरातही बाबांशी बोलायचं तर समोर उभं राहून, एकेक अक्षर ओठांवर नीट मांडून. लहानपणापासूनची ती सवय. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या की ही मुलगी शब्द फार स्वच्छ टाकते, कुणाकडे शिकलीस? आता काय सांगणार.

शेजारीपाजारी विचारायचे, बी.ए. कशात करतेस? मी सांगायची, गाण्यात. मग ते विचारायचे, ते झालं, पण बी.ए. कशात? आईनेही काही दिवस 'पोरगी मराठी घेऊन बी.ए. करतेय' असं ठोकून दिलं होतं. बाबांनी काहीच विचारलं नाही. गाणं हा विषय आमच्या दोघांच्यात नव्हताच. ज्या माणसाला दारावरची थाप ऐकू येत नाही त्याला आपण यमन काय ऐकवणार, असं मी धरून चालले होते. मला त्याचं वाईट वाटायचं आणि थोडं सोयीचंही वाटायचं. दोन्ही खरं आहे.

बाई म्हणजे सुमतीबाई. ठेंगण्या, पांढऱ्या साडीला बोटभर काठ, पर्समध्ये ज्येष्ठमधाची डबी. त्यांच्या वर्गात एक रिवाज होता, जो पार्ल्याबाहेर कुठल्या गायनवर्गात असेल असं मला वाटत नाही. विमानाचा. विमानं अगदी छपरावरून उतरायची. खिडकीची काच थरथरायला लागली की बाई हात वर करायच्या, आम्ही होतो त्या स्वरावर थांबायचो, आणि विमान डोक्यावरून जाईपर्यंत तो स्वर मनात धरून बसायचो. तंबोरा चालूच असायचा, पण त्या घरघरीत तो कुणाला ऐकू येणार. आवाज विरला की बाई हात खाली आणायच्या आणि सगळ्यांनी त्याच स्वरावर परत यायचं. जी घसरली ती सापडली. घाटकोपरची विजू तर म्हणायची, यार, आपल्याला पदवी विद्यापीठ नाही, विमानतळ देणार आहे.

आणि दुसरा रिवाज गंधाराचा. इथे मला थोडं समजावून सांगायला हवं. तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची जाड, खर्जाची. पण तंबोरा उत्तम लागला असेल, तर त्या खर्जाच्या तारेच्या पोटातून आणखी एक स्वर आपोआप उमटतो, गंधार. तो कुणी छेडत नाही, त्याची तार नाही, तरी तो असतो. बाई रोज सकाळी तंबोरा लावून झाला की डोळे मिटायच्या आणि विचारायच्या, "गंधार आला का गं?" आम्ही सातही जणी माना हलवायचो.

मला तो कधीच ऐकू आला नव्हता. एकदाही नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मान हलवली म्हणून मी हलवली, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवशी हलवली म्हणून हलवली, आणि असं करत दोन वर्षं गेली. खोटं एकदा चालायला लागलं की त्याला वेगळी मेहनत लागत नाही. पण रात्री अंथरुणावर वाटायचं, की बहिऱ्याची पोर शेवटी बहिरीच. विजूपाशीही हे बोलले नव्हते.

दुसऱ्या वर्षाचा दसरा जवळ आला. ते बाईंचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या निरोपाची बैठक ठरली होती. बाई गाणार आणि मागे तंबोऱ्यावर एक मुलगी बसणार. कोण, ते बाईंनी वर्गात जाहीर केलं. मी. माझ्या पायाखाली सतरंजी होती म्हणून बरं. बाईंच्या मागे बसायला मिळणं म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या वर्गाहून मोठं. आणि तोही त्यांचा स्वतःचा तंबोरा, त्यांच्या गुरुजींनी दिलेला, जो आम्हाला एरवी पुसायलाही मिळायचा नाही. आता मात्र बाई म्हणाल्या, खंडेनवमीला वाद्यांची पूजा आहे, हा तू स्वच्छ करून ठेव.

खंडेनवमी. हा शब्द माझ्यापाशी बोलताना त्यांना थोडं जपून वापरायला हवा होता. आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, दिवाळीहूनही. आदल्या दिवशी बाबा कानशी, पाने, छिन्न्या, पक्कडी सगळं वर्तमानपत्रावर मांडायचे आणि एकेक हत्यार पॉलिश पेपरने घासून चांदीसारखं करायचे. लहानपणापासून मी त्यांच्या शेजारी बसून घासायची. डाग राहिला तर ते हत्यार परत माझ्याकडे सरकवायचे. नवमीला हत्यारावर काळं दिसता कामा नये, हा आमचा धर्म.

तेव्हा मी घरून बाबांचा पॉलिश पेपर घेऊन गेले. तंबोऱ्याचा भोपळा तेलाच्या बोटाने पुसला, दांडी पुसली, खुंट्या पुसल्या. मग घोडीकडे लक्ष गेलं. तारा जिथे टेकतात तिथे चार काळपट, गुळगुळीत ओघळ पडलेले. वर्षानुवर्षांचा मळ. मी तारा सैल करून बाजूला सारल्या आणि घासायला बसले. जीव ओतून घासलं. तासाभरात घोडी अशी पांढरी झाली की विजू म्हणाली, झकास, दात घासल्यासारखी दिसते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते मला तारा चढवेपर्यंत कळलं नाही.

तार छेडली आणि 'टप्' असा आवाज आला. पुन्हा छेडली. टप्. जो आवाज सुटला की खोलीभर फिरत राहायचा, तो जागच्या जागी पडला.

तो मळ नव्हता. ती जवारी होती. घोडीच्या माथ्याला केसाएवढा उतार असतो, तार त्या उतारावर घसटते म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, गुणगुणतो. तो उतार मिरजेच्या एका कारागिराने हाताने काढलेला होता आणि बाईंच्या चाळीस वर्षांच्या गाण्याने तो मुरला होता. मी तो पॉलिश पेपरने सपाट केला. गाढवाला गुळाची चव काय. विजूने एकदा तार छेडून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाट लागली."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चारही तारा एकेकदा छेडल्या, तळहाताने झाकल्या आणि तंबोरा गवसणीत घातला. मिरजेला पत्र गेलं. कारागिराच्या मुलाचं उत्तर आलं, की वडील अंथरुणाला खिळले आहेत, मी मार्गशीर्षात येऊन बघतो. बैठक त्याच्या कितीतरी आधी. बाई म्हणाल्या, ठीक आहे, कॉलेजच्या तंबोऱ्यावर गाऊ. मागे कोण बसणार याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मलाही विचारायचं नव्हतं. मी कॉलेजात जाणंच बंद केलं. मनात पक्कं केलं होतं, की आता नावच काढून घ्यायचं आणि टायपिंगच्या क्लासला जायचं. ज्याला गंधार ऐकू येत नाही त्याने घोडी घासावी नाही तर काय करावं.

चौथ्या दिवशी बाबा माझ्यासमोर मोरीच्या कट्ट्यावर बसले. "कॉलेजात कित्याक जायत नाय गो?"

मी सांगितलं. ओठांवर एकेक अक्षर मांडून, रडत. रडताना ओठ नीट हलत नाहीत, त्यामुळे अर्धं दोनदा सांगावं लागलं. सगळं ऐकून त्यांनी काय विचारावं?

"पेपर खयच्या नंबराचो होतो?"

मी नंबर सांगितला. त्यांनी अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. मग म्हणाले, तो फार खरखरीत, पितळेला चालतो, हाडाला नाही. आणि मग म्हणाले की बाईंना सांग, मला बघायचं आहे.

मी बाईंना हे सांगितलं. बाई म्हणाल्या, तंबोरा म्हणजे मशीन नव्हे. साहजिक होतं. तरी का कोण जाणे, त्यांनी नाही म्हटलं नाही. रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवीत पेटी घेऊन माझ्याबरोबर पार्ल्याला आले. चपला दाराबाहेर काढल्या, तंबोऱ्याला आधी नमस्कार केला आणि बाईंना म्हणाले, "मशीन नाय ह्या माका कळता. पण घासून बिघडला ता घासूनच जाग्यार येतला."

बाईंना मालवणी किती कळलं देव जाणे. त्यांनी गवसणी काढली.

बाबांनी बारीक कानस काढली, आणि मग जे काढलं ते पाहून बाईंनी पदर तोंडाला लावला. स्क्रू-ड्रायव्हर. गिरणीत बेअरिंग बिघडलंय का ते बघायला फिटर लोक स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. आतला आवाज हाडातून कळतो. बाबांनी ते टोक घोडीच्या कडेला टेकवलं, मूठ कानामागे धरली, डावा तळवा भोपळ्यावर ठेवला आणि मला खूण केली, छेड. मी छेडली. त्यांनी कानशीचा एक हात मारला. पुन्हा छेड. पुन्हा एक हात. एकदा स्क्रू-ड्रायव्हर घसरला आणि घोडीच्या कडेला तिळाएवढी खाच पडली. बाई तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघांनीही त्यावर आजतागायत चकार शब्द काढलेला नाही.

पहिल्या रविवारी काही झालं नाही. दुसऱ्या रविवारी आवाज जरासा हलला, पण पत्र्याच्या डब्यासारखा किणकिणला. बाई समोर बसून सगळं बघायच्या. विमान आलं की सवयीने हात वर करायच्या, आणि गंमत म्हणजे बाबा त्यांच्या आधी थांबलेले असायचे. काच थरथरायच्या आधी फरशी थरथरते, ते त्यांच्या पायांना कळायचं. तिसऱ्या रविवारी बाईंनी घरून डब्यात सांजा आणला. खाऊन झाल्यावर बाबांशी बोलायला त्या त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि ओठ नीट हलवून विचारलं, तुम्हाला ऐकू येत नाही तर कळतं कसं?

बाबा म्हणाले, "हाताक कळता."

दुपार झाली होती. वारा फिरला आणि बिस्किटांचा वास आत आला. बाबांनी कानस ठेवली, काळ्या सुताचा धागा घेतला, घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवला आणि नखाने इकडेतिकडे केला. मी छेडत होते. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. एकाएकी बाबांचा भोपळ्यावरचा हात थांबला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, बोटाने तारा मोजल्या आणि परत तळवा टेकवला.

"बाई," ते म्हणाले, "तारा चारच मां? मगे ही पाचवी खयसून वाजता?"

बाई पुढे वाकल्या. त्यांनी डोळे मिटले. मी आपली छेडत राहिले, कारण कुणी थांब म्हटलं नव्हतं. मग डोळे न उघडताच बाई मला म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सापडला. तुला आलाय का गं कधी?"

माझी मान हलायला निघालीच होती. दोन वर्षांची सवय. पण समोर बाबा बसले होते, भोपळ्यावर हात ठेवून, खरंच विचारात पडलेले, आणि त्यांच्यासमोर मला मान हलवता आली नाही.

"नाही, बाई," मी म्हटलं. "कधीच नाही."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "मी गुरुजींपुढे सहा वर्षं मान हलवली. तू दोनच वर्षांत सुटलीस. आता ऐक."

त्यांनी मला तंबोरा सोडायला लावला, स्वतः घेतला, आणि मला बाबांच्या शेजारी बसवलं. बाबांनी माझा हात धरून भोपळ्यावर आपल्या हाताशेजारी ठेवला. आधी नुसती गुदगुली लागली. मग खर्जाची तार वाजून विरत असताना, त्या विरण्याच्या आत, वर कुठेतरी एक बारीक गोड स्वर उभा राहिला. इतका स्पष्ट, की इतके दिवस हा कुठे होता असा मला रागच आला. तो सगळीकडे होता. खिडकीत होता, बिस्किटांच्या वासात होता, माझ्या मनगटात होता. मी रडले हे सांगायला नकोच. बाबा आपले हातातली कानस शर्टाला पुसत होते. ते म्हणाले, अजून एक हात मारला तर आणखी सुटेल, पण लोभ नको.

बैठकीला मी बाईंच्या मागे बसले. बाई काय गायल्या ते सगळं आठवत नाही, मी सगळा वेळ गंधार सांभाळत होते. मध्येच विमान आलं. भर बैठकीत बाईंनी हात वर केला, श्रोते गोंधळले, आम्ही सात जणी मात्र हसलो. विमान गेलं, हात खाली आला, आणि बाई जिथे होत्या तिथेच होत्या. पहिल्या रांगेत, अगदी कडेला, बाबा बसले होते. दोन्ही तळवे त्यांनी फरशीवर टेकवून ठेवले होते.

पुढचं सगळं साधंच आहे. पदवी मिळाली, मी मोठी गायिका झाले नाही, तीस वर्षं मुलुंडच्या शाळेत मुलींना गाणं शिकवलं आणि निवृत्त झाले. बाईंनी जाताना तो तंबोरा कॉलेजला दिला होता. बाबा पुढची दहाएक वर्षं दर खंडेनवमीच्या आधी पार्ल्याला जाऊन कॉलेजच्या सगळ्या तंबोऱ्यांच्या घोड्या बघून यायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. वॉचमन त्यांना 'जवारीवाले' म्हणायचा. मग गुडघे गेले आणि ते जाणं थांबलं.

आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि आईसह माझ्याकडे असतात. कानांनी पूर्ण रजा घेतली आहे, डोळे अर्ध्या पगारी रजेवर आहेत. मंगळवारी तंबोरा आणला तेव्हा ते झोपून उठले होते. मी गवसणी काढून भोपळा त्यांच्या मांडीला लावला. त्यांनी वास घेतला. मग अंगठा घोडीच्या कडेवरून फिरवत फिरवत त्या तिळाएवढ्या खाचेवर आणला आणि तिथे थांबवला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

काल सकाळी मी तारा लावायला घेतल्या. जुन्या गंजल्या होत्या, नव्या आणल्या होत्या. पंचम चढवला, दोन्ही षड्ज चढवले. धागा सरकवला. बाबा खुर्ची ओढून जवळ आले आणि त्यांनी तळवा भोपळ्यावर ठेवला. खर्जाची तार अजून कागदातच होती, पण त्यांचा उत्साह बघून मला धीर निघेना. मी तीनच तारा छेडल्या आणि समोर बसून ओठांवर शब्द मांडला, गंधार?

बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

ती मान मी ओळखते. दोन वर्षं रोज सकाळी मी ती हलवली आहे. खर्जाशिवाय गंधार येत नाही, कुठल्याही तंबोऱ्यावर, कुणालाही. मी छेडत राहिले. पण हत्यारावरून बोट फिरवून बघायची त्यांची जन्माची खोड. हात भोपळ्यावरून तारांवर गेला. एक, दोन, तीन. बोट पुढे रिकाम्या जागेत गेलं आणि परत आलं. त्यांनी पुन्हा मोजल्या.

"गो, तीनच असत."

मी कागदातली तार दाखवली. बाबा हसले, मग हसायचे थांबले. भोपळ्यावरचा हात काढून त्यांनी मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "आता हाताकय कळणा नाय गो. कितकोच काळ झालो."

मी उठले नाही, गळ्यातही पडले नाही. आमच्यात ती पद्धत नाही. चौथी तार चढवली, खुंटी पिळली, तारेतला मणी सरकवून खर्ज जिथे हवा तिथे आणला. मग त्यांचा हात उचलून भोपळ्यावर ठेवला, माझा हात त्याच्या शेजारी ठेवला, आणि ओठ नीट हलवून म्हटलं, "आता आयका."

पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. दुसऱ्या हाताने मी छेडत राहिले. या वेळी बाबांनी मान हलवली नाही. पण हातही काढला नाही, आणि आई चहाला हाक मारेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.